बुटांच्या नाड्या

मोरावा नदीकाठच्या त्या प्रसूतिगृहात नवऱ्यांना दाराबाहेरच ठेवत. मिलुतिन खिडकीखाली उभा राहिला आणि पहिलटकरीण रुझित्सा एकटीच आत गेली. निघताना सासूने तिची वेणी सोडली होती, घरातली सगळी कुलुपं उघडी टाकली होती. “अंगावर एकही गाठ ठेवू नकोस गं पोरी, बाळ अडतं.”

पण नर्स ड्रागिन्याने आल्याआल्या तिचे केस करकचून बांधले, गाऊनच्या नाड्यांना पाठीवर पक्क्या गाठी मारल्या.

“सिस्टर, गाठी सोडा ना,” रुझित्सा रडकुंडीला आली.

“हे हॉस्पिटल आहे, तुझ्या सासूचं स्वयंपाकघर नाही. गप पड!”

कळांवर कळा आल्या, बाळ काही सरकेना. ड्रागिन्याने पोटाला नळी लावून ठोके ऐकले. पुन्हा ऐकले. ओरडून डॉक्टरांना बोलावलं. मग तिने रुझित्साचे केस मोकळे केले, गाऊनच्या गाठी सोडल्या आणि खाली वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्याही सोडल्या.

मुलगी सुखरूप झाली. ड्रागिन्याचं खेकसणं रुझित्सा केव्हाच विसरली. त्या सुटलेल्या नाड्या आठवल्या की मात्र अजूनही ती लेकीला घट्ट जवळ ओढते.