डिंडोलीत एक गल्ली बंद होताना

यंदा कानबाईच्या सणाला सुरतेला ये, असं ताईने तीनदा फोन करून सांगितलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. नंदुरबारहून सकाळच्या गाडीने उधना, तिथून शेअर रिक्षाने वीस रुपयांत डिंडोली. जाणार असाल तर श्रावणात जा. रोट, खीर आणि गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी घरोघरी आग्रहाने वाढतात, हॉटेल शोधावं लागत नाही.

ताईची गल्ली दोन्ही तोंडांनी उघडी. कापडाच्या लूमचे कामगार जेवणाच्या सुटीत, पाळी बदलताना मधूनच जातात, म्हणून पुढच्या खोल्यांत दुकानं: शिलाई, चहा, आणि ताईची भाकरी-ठेचा. शेजारच्या गल्लीला मागच्या वर्षी एका टोकाला गेट बसलं. घरं अगदी तशीच, पण दुकानांच्या जागी मोटरसायकली उभ्या. ते बघून आलो आणि ताईने का बोलावलं ते कळलं. हिच्या गल्लीतही गेटसाठी सह्या चालल्या होत्या. समोरच्या मंगलावहिनींच्या मुलाचा पाय भरधाव बाइकने मोडला होता. फक्त ताईची सही बाकी होती.

रविवारी गल्लीत मांडव पडला. पाहुण्याच्या उत्साहात मागच्या तोंडाचे आडवे बांबू मीच आवळून बांधले. सोमवारी सकाळी कानबाईचं विसर्जन झालं, मांडव सुटला, पण ते बांबू कोणी सोडेना. राहू द्या दोन दिवस, बघू तरी, असं मंडळी म्हणाली. दुपारी कामगार आले, बांबूंपाशी थांबले आणि परत फिरले. ताईची टोपली भरलेलीच राहिली. मला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी ताई विळा घेऊन निघाली. ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. तिने विळा दोरीला लावला, तशा मंगलावहिनी पुढे आल्या.

"काप," त्या म्हणाल्या. "पन मना पोऱ्याना पायकडे देखीसन काप."

मुलगा उंबऱ्यात प्लास्टरचा पाय पसरून बसला होता. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि विळा दोरीवरून काढला. मग घरात आली, सही केली आणि उरलेल्या भाकऱ्या घरोघर वाटल्या.

मला परत येऊन महिना झाला. गेट बसलंय. ताई आता मोठ्या रस्त्यावर हातगाडी लावते, दिवसभर उन्हात. काल तिचा फोन आला. भर दुपारी मंगलावहिनींचा मुलगा गल्लीत चालताना पडला आणि तसाच पडून राहिला. वहिनी आत शिलाईच्या मशीनवर होत्या, त्यांना हाक ऐकूच गेली नाही. बाइकने उडवलं त्या दिवशी त्याला उचलायला ताईचंच गिऱ्हाईक धावलं होतं, हे ताईने मला मी तिथे असताना सांगितलं नव्हतं.

"या खेपले देखाले कोनीच नव्हतं, भाऊ," ती म्हणाली.