शिळी बातमी जपणारं यंत्र

बातम्या वाचायचं ॲप निवडायला माणसाला किती वेळ लागावा? आजकालच्या पोरांना चहा निवेपर्यंतही लागत नाही. मला अख्खा हिवाळा लागला. बरं, एवढं करून जे निवडलं त्याची काय दशा झाली ते सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. मीही ही गोष्ट बरीच वर्षं हसतच सांगत आलोय, फक्त अलीकडे शेवटाला पोचायच्या आधीच विषय बदलतो.

तेव्हा ॲप म्हणत नव्हते, सॉफ्टवेअर म्हणायचे. आणि तो फोन नव्हता, हातात मावणारा कॉम्प्युटर होता, काडीने टोचत चालवायचा. पुण्यातल्या कुणा साहेबाने नवा घेतल्यावर टाकून दिलेला, तो फिरत फिरत नारायणगावला माझ्या मित्राच्या मोबाइलच्या दुकानात आला. मित्राला त्यातलं काही कळेना. मलाही कळत नव्हतं, पण मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होतो. न कळून चालण्यासारखं नव्हतं. घेतला.

घेतला तो आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील.

आम्ही आणे गावचे. पठारावर घर, जमीन बरी, पाणी नाही. खालून पाणी उचलून पठारावर आणायच्या योजनेचं बोलणं माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होतं. त्याची एकही मीटिंग आबांनी चुकवली नाही. आदल्या दिवशी टोपी धुवायची, सकाळी डोक्याला तेल लावायचं आणि निघायचं, जणू पाण्याची सोयरीक जमवायला चाललेत. नव्वदच्या दशकात मला पुण्याला नोकरी लागली तेव्हा एसटीत बसवायला आले. गाडी हलली तसं खिडकीशी येऊन म्हणाले, "पाणी आलं की कळवतो. तवर कर नोकरी."

मी मान हलवली. पुढं काही वर्षं एसटीडी बूथवरून फोन केला की मी विचारायचो, "आबा, पाण्याचं काय?" आणि ते म्हणायचे, "चाल्लंय." एवढंच आमचं बोलणं, पण त्यात सगळं यायचं.

आबांचा दुसरा नाद पेपर. आळेफाट्याहून येणाऱ्या एसटीतून पेपर यायचा आणि आबा तो स्टँडवर उभ्याउभ्या मोठ्याने वाचून दाखवायचे. आधी तारीख वाचायची, मगच बातमी. एकदा कंडक्टरने चुकून आदल्या दिवसाचा गठ्ठा उतरवला, तर आबांनी त्याला भर स्टँडवर विचारलं, "पावणं, काल जेवलाव तेच आज पण जेवणार का?"

असा माणूस विसरायला लागला. एकच पेपर दोनदा वाचायला लागला, मग उलटा धरायला लागला. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आधी नवं जाईल, मग जुनं. औषध नाही, सांभाळा." आई एकटी किती सांभाळणार? मी पुण्याची नोकरी सोडून आलो आणि नारायणगावच्या क्लासला लागलो. सकाळी जीपने खाली, संध्याकाळी जीपने वर. आई म्हणाली, "आलास ते लई बरं झालं. पर नोकरी सोडली ते त्यांना नको सांगू. पाण्याबिगर आलास म्हणून जिवाला लावून घेतील."

संध्याकाळी एक तमाशा ठरलेला. आबा ओट्यावर ताटावर बसायचे आणि विचारायचे, "पाण्याची बातमी आली का?" नाही म्हटलं की ताट सारायचे, टोपी घालायचे आणि "मीटिंगला जायचंय" म्हणत स्टँडकडं निघायचे. आई भाकरी हातात घेऊन मागोमाग. कधी वाटेत ऐकायचे, कधी नाही. अंगावरची कापडं सैल व्हायला लागली होती. आईला पाण्याबिण्याचं काही नव्हतं. आबा दोन घास खाऊन घरात राहावेत, एवढंच तिला हवं होतं.

आणि मला वाटलं, हे तर माझ्या खात्यातलं काम आहे.

त्या यंत्रात बातम्यांचं सॉफ्टवेअर टाकता यायचं. आपल्याला कुठल्या कुठल्या साइटच्या बातम्या हव्यात ते एकदा सांगून ठेवायचं, मग क्लासच्या कॉम्प्युटरला वायर जोडली की नव्या बातम्या आपोआप आत येऊन बसायच्या. पठारावर नेट नसलं तरी चालेल. बायाबापड्या खालून हंडा भरून आणतात तशा मी बातम्या भरून वर न्यायला लागलो. पहिल्याच आठवड्यात नशीब फळफळलं. एका इंग्रजी साइटवरून चार ओळी आल्या, की पठारावर पाणी उचलून न्यायच्या योजनेच्या पाहणीला मंजुरी मिळाली. पाहणीला बरं का, योजनेला नाही. पण आमच्याकडे एवढ्यावरही लोकांनी पेढे वाटलेत.

संध्याकाळी आबांनी विचारलं. मी ऐटीत यंत्र काढलं. "आली की बातमी."

"कुठं लिहिलंय?"

दाखवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, एकेका ओळीवरून फिरवलं. "हे इंग्रजीत हाय."

"मोठी बातमी इंग्रजीतच येते आबा."

"हां. मंग खरं." आणि आत ओरडले, "अगं, गुळाचं काय तरी कर. पाणी मंजूर झालं."

त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. आईने पदराने डोळे पुसले आणि चुलीच्या धुराला नावं ठेवली. मी तर स्वतःवर एवढा खूश, की उद्याचा विचारच केला नाही.

उद्या आला. आबांनी विचारलं, "पाण्याची बातमी आली का?" कालचं सगळं पुसलेलं. मला काय, मी हसत यंत्र उघडलं, तर बातमी गायब! त्या सॉफ्टवेअरचं म्हणणं असं, की एकदा वाचलेली बातमी कशाला ठेवायची? वाचली की गेली. मी तोंडी सांगायला लागलो.

"कालच आली की आबा."

"काल? मंग दाखव."

दाखवायला काही नव्हतं. ताट सरलं, टोपी चढली.

आई म्हणाली, "कागदावर काढून आण की." शहाणी बाई. मी क्लासच्या प्रिंटरवर काढून आणली. आबांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि कोपऱ्यातली तारीख शोधून काढली. "ही तर मागची हाय. मागच्या बातमीवर पाणी येतंय व्हय?" ह्या माणसाला आजचा वार सांगता येत नव्हता, तरी शिळा पेपर त्याच्या गळी उतरत नव्हता.

तिथून माझा शोध सुरू झाला. मला असं सॉफ्टवेअर हवं होतं, की जे जुनी बातमी टाकणार नाही आणि ती जुनी आहे हे कळूही देणार नाही. मित्राला दुकानात जाऊन सांगितलं. तो रिचार्ज मारता मारता थांबला.

"राव, जग ताज्या बातमीसाठी मरतंय आणि तुला शिळी पायजे?"

"शिळीच. पण ताजी दिसणारी."

"मंग तू टोमॅटोच्या धंद्यात जा ना भाऊ."

एक सॉफ्टवेअर असं मिळालं, की त्यात आपण लिहिलेला मजकूरही ठेवता येतो. मी रविवार खर्ची घालून बातमी मराठीत लिहिली, चांगली ठसठशीत. पण त्या यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती, प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन. आबांनी ते चौकोन बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "ह्यो कसला नकाशा? शेततळी हाईत का?" मी हो म्हणून टाकलं. "लई खोदली," म्हणाले, "पर पाणी कुठंय?" ताट सरलं.

दुसऱ्या एकात बातमीवर चांदणीची खूण केली की ती कायम राहायची. मी खूण केली. पण ते सॉफ्टवेअर बातमीच्या डोक्यावर लाल अक्षरांत जुनी तारीख लिहायचं. आबांना तारीख तेवढी वाचता यायची. पुढच्यात तारीख नव्हती, पण नव्या बातम्या वर यायच्या आणि आमची खाली खाली सरकत जायची, ती शोधेपर्यंत आबा स्टँडच्या अर्ध्या वाटेत.

शेवटी एक सापडलं. साधं, फुकटातलं, कुणा हौशी माणसाने केलेलं. खूण केलेली बातमी सगळ्यांच्या वर, आणि तिच्याही वर, पडद्याच्या माथ्यावर, ठळक अक्षरांत आजची तारीख. बातमी तीच, तारीख रोज नवी. मी क्लासमध्ये खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. पोरांना वाटलं लाईट आली.

त्यानंतरचे महिने सोन्यासारखे गेले. रोज संध्याकाळी आबा विचारायचे, मी उघडायचो, ते तारीख बघायचे, बोट फिरवायचे, आणि पठारावरचं पाणी रोज पहिल्यांदा मंजूर व्हायचं. मला मात्र त्याच चार ओळींचा कंटाळा यायला लागला. इंग्रजी आबांना येत नव्हतं, मग काय! पाहणीची मी योजना केली. मग पाइप आणले. मग पंप बसवला. आई आतून म्हणायची, "जरा दमानं घे. उद्या माझ्या चुलीपर्यंत पाट काढशील."

त्याच सुमारास आबा मला "पावणं" म्हणायला लागले. "या पावणं, काय म्हणतंय तुमचं यंत्र?" आबांचा स्वभाव मूळचा थट्टेखोर, कंडक्टरलाही पावणं आणि जावयालाही पावणं. मला वाटलं, जुने आबा परत आले. मीही रंगात यायचो. "आमचं यंत्र म्हणतंय, आधी भाकरी खावा." ते हसायचे, मी हसायचो. आई हसत नव्हती. पण तिला थट्टा कळत नाही, असं मी लहानपणापासून धरूनच चाललो होतो.

उन्हाळा आला तसं लोडशेडिंग वाढलं. घरी वीज नाही, क्लासला सुट्टी. यंत्राची बॅटरी संपत आली, मग संपली. मी निवांत. चार्ज केलं की झालं. त्या जातीच्या यंत्राची सगळी आठवण बॅटरीच्या जिवावर असते आणि बॅटरी पुरती उतरली की आत काहीएक राहत नाही, हे माहितीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असावं. पुस्तक मी वाचलं नव्हतं. कॉम्प्युटर शिकवणारा माणूस पुस्तक कशाला वाचेल?

वीज आल्यावर चार्ज केलं आणि संध्याकाळी ओट्यावर आबांसमोरच उघडलं. पांढरा पडदा. मधोमध एक फुली, आणि खाली इंग्रजीत एक ओळ: काडीने फुलीला टोचा. सॉफ्टवेअर नाही, चांदणी नाही, बातमी नाही. यंत्र नुकतंच जन्माला आल्यासारखं.

"आली का बातमी?"

"आली," मी म्हणालो.

"कुठं लिहिलंय?"

मी यंत्र पुढं केलं. त्यांनी फुलीवर बोट ठेवलं. फुली उडी मारून कोपऱ्यात गेली. त्यांनी तिथं बोट ठेवलं, ती दुसऱ्या कोपऱ्यात. आबा तिच्या मागं मागं बोट नेत राहिले आणि मी त्यांच्या बोटाकडं बघत वाचत राहिलो. पाठच होतं सगळं. मंजुरी, पाइप, पंप. घाबरलो होतो, तारीख मागतील म्हणून थांबायचं धाडस होईना. पंपाच्या पुढं माझ्याकडं काही नव्हतं, म्हणून म्हणून टाकलं, "आणि पाणी आलं. आपल्या बांधाला लागलं."

आबांचं बोट थांबलं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "पावणं, तुमी नारायणगावला असता ना?"

"हो."

"तिथनं फोन लागतो. माझं पोरगं पुण्याला हाय. त्याला मी सांगितलं व्हतं, पाणी आलं की कळवतो म्हणून. त्याला सांगा, ये म्हणावं आता. लई केली नोकरी."

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. दारात आई उभी होती. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कळलं, की तिला हे केव्हाचं माहीत होतं. इतके दिवस थट्टा मी एकटाच करत होतो.

"सांगतो," मी म्हणालो.

"आजच सांगा. ईसरचाल."

"नाही विसरत."

"अगं, पावण्याला वाढ," ते आईला म्हणाले. "चांगली बातमी घेऊन आलाय." आईने पाटावर ताट मांडलं, तांब्या ठेवला, आणि मी पाहुण्यासारखा मांडी घालून माझ्या घरात जेवलो. आबा मला आग्रह करत होते.

त्या दिवसानंतर पाण्याचं विचारणं बंद झालं. यंत्र मी मित्राला परत दिलं, त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. पुढं आबा होते तोवर संध्याकाळी ताटावर बसले की एवढंच विचारायचे,

"पावणं, निघालं का पोरगं?"

"निघालंय."

"कुठवर आलं?"

"आळेफाट्याला उतरलंय. जीप धरतंय."

ह्या बातमीला त्यांनी कधी तारीख मागितली नाही, कुठं लिहिलंय म्हणून विचारलं नाही. "मंग येतंयच की," म्हणायचे आणि भाकरीचा तुकडा मोडायचे.