दोन कंट्रोलर, एक लाल वायर

तळ्यावर त्याला सगळे फ्यूज म्हणत. त्याला कारणं दोन. कुणीही मॉडेल बोट घेऊन आलं की हा आधी तिचं झाकण उघडायला लावायचा आणि विचारायचा, "फ्यूज कुठाय?" नसेल तर बोट पाण्यात उतरू द्यायचा नाही. दुसरं कारण म्हणजे तो स्वतःच कशानेही उडायचा. तळ्यावर रोज येणारा एक रिटायर्ड कंपाउंडर म्हणायचा, "याच्याशी बोलायला येताना खिशात एक स्पेअर ठेवावा." फ्यूज यावर हसत नसे. पण नाव त्याला आवडत असावं. त्याच्या कामावरून त्याला पडलेलं ते एकच नाव होतं.

तळ्यावर येण्याआधीचं त्याचं आयुष्य दुकानाच्या मागच्या खोलीत गेलं होतं. दुकान वडलांचं, मोटर वाइंडिंगचं. पंप, पंखे, मिक्सर, जे जळेल ते तिथे यायचं. वडील थकले तेव्हा त्यांनी दोघा भावांना समोर उभं केलं आणि म्हणाले, "खुर्ची एकच आहे. दादा पुढे बसेल. तू मागे." का, ते सांगितलं नाही, आणि वडलांना का विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

दादा पुढे बसला. धाकटा मागे जळक्या तारा उपसत, तांब्याचे नवे वेढे घालत बसला. वार्निशचा वास त्याच्या अंगातून कधी गेला नाही. बायको म्हणायची, "आंधळीलासुद्धा कळेल तुम्ही घरी आलात ते." दुरुस्त झालेली मोटर गिऱ्हाईक पुढे चालवून बघायचं आणि खूश होऊन म्हणायचं, "दादा, तुमच्या हाताला तोड नाही हो." त्यावर दादा म्हणायचा, "चालायचंच." दोन खोल्यांच्या मध्ये पडदा होता आणि पडदा पातळ होता.

जळलेली मोटर दुरुस्त करण्यापेक्षा नवी आणणं लोकांना सोपं वाटू लागलं, तेव्हा दुकान बंद झालं. खुर्ची दादा घरी घेऊन गेला. धाकट्याने वेढे मोजायचं जुनं यंत्र मागितलं नाही, आणि त्याला कुणी ते देऊही केलं नाही. तो नुसताच फिरत फिरत एक दिवस तळ्यावर पोचला. तिथे म्हातारी माणसं रिमोट हातात धरून लहान बोटी चालवत होती आणि त्यांतली एक बोट मधोमध बंद पडून धूर काढत होती. त्याने ती दुरुस्त केली. मग दुसरी केली. इथे पडदा नव्हता. बोट चालली की लोक मालकाकडे न बघता याच्याकडे बघत.

दादाला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. त्याआधीच त्याने घरी बसून एक टगबोट बनवायला घेतलेली होती. बंदरात मोठ्या जहाजांना ढकलते तसली, ठेंगणी, दोन मोटरींची. लाकूडकाम सुरेख झालं होतं. दादाला हात नव्हता असं कुणी म्हणू नये. त्याला तो लावायची गरज पडली नव्हती, एवढंच.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. "भावजी, ह्यांनी बोलावलंय. बोटीचं वायरिंग राहिलंय म्हणतात."

"स्वतः का नाही सांगत?"

"फोन उजव्या हातात धरायची सवय होती हो," वहिनी म्हणाली. तो गेला.

दादा दुकानातल्या त्याच खुर्चीवर बसला होता. समोर टेबलावर टग, शेजारी दोन कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसणारी काडेपेटीएवढी डबी. रिमोट जेवढं सांगेल तेवढीच वीज ती मोटरला सोडते. फ्यूजने दोन्ही उलटून पाहिले आणि बाजूला सारले.

"हे रिमोटच्या गाडीचे आहेत."

"मग? मोटरला काय माहीत ती गाडीत आहे का बोटीत?"

"मोटरला नसतं माहीत. कंट्रोलरला असतं. गाडीचा कंट्रोलर रिमोटची काडी मागे ओढली की आधी ब्रेक लावतो, पुन्हा ओढली की रिव्हर्स घेतो. पाण्यात ब्रेक लावून धरणार काय? तू ब्रेक लावत बसशील आणि टग जाऊन काठावर आपटेल. बोटीला लगेच उलटा फिरणारा लागतो."

"बरं. आण तुला हवे ते," दादा म्हणाला. ऑर्डर द्यायची त्याची रीत अजून पुढच्या खोलीतलीच होती.

फ्यूजने मोटरचा दांडा पक्कडीत घट्ट धरला, क्षणभर बॅटरीला तार टेकवली आणि मीटरवर नजर टाकली. मोकळी फिरणारी मोटर थोडंच खाते. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात शेवाळ अडकून ती जाम झाली की अधाशासारखी ओढते. कंट्रोलर निवडायचा तो त्या अधाशी आकड्याच्या वरचा. बोटीत लावायचा फ्यूज त्या आकड्याच्या खालचा, पण साध्या चालण्याच्या वरचा. हे तो मोठ्याने बोलला नाही. दादाने विचारलंही नाही. दुकानात इतकी वर्षं असंच चाललं होतं, एकाने विचारायचं नाही आणि दुसऱ्याने सांगायचं नाही.

नवे कंट्रोलर आले, बसले. शेवटी राहिली लाल वायर. प्रत्येक कंट्रोलरमधून एक छोटा प्लग निघून रिसीव्हरला जातो. रिसीव्हर म्हणजे रिमोटचं ऐकणारी डबी. त्या प्लगमध्ये तीन वायरी. पांढरीतून हुकूम येतो. लाल आणि काळी मिळून रिसीव्हरला वीज पुरवतात. एक कंट्रोलर असेल तर प्रश्न नाही. दोन असले की दोघेही पुरवायला बघतात आणि एकमेकांना तापवतात. म्हणून एका प्लगमधली लाल वायर काढायची. फ्यूज ती कधी कापत नसे. टाचणीने प्लगची जीभ उचलायची, पिन अलगद बाहेर ओढायची, मागे दुमडून काळी टेप गुंडाळायची. उद्या लागली तर परत घालता यावी. चांगला कारागीर तोडून टाकत नाही, असं त्याला वाटायचं.

डाव्या प्लगची लाल त्याने तशी काढली, झाकण लावलं. वहिनीने चहा ठेवला होता. तो न घेता निघून गेला. दादा काहीतरी म्हणेल म्हणून तो दारात क्षणभर थांबला होता, एवढं मात्र वहिनीने पाहिलं.

रविवारी दादाला चाकाच्या खुर्चीतून तळ्यावर आणलं. सगळे टगभोवती जमले. कंपाउंडर म्हणाला, "फ्यूज, लाकूड बघ! तुझ्या वायरी शोभत नाहीत याला." तिथे नेहमी येणाऱ्या पोस्टमनने आपली मोठी मालबोट टगच्या मागे बांधायला दिली. टगने ती ओढून दाखवायची असं ठरलं होतं. रिमोट दादाच्या डाव्या हातात.

सुरुवात छान झाली. टगने दोरी ताणली, मालबोट हलली, लोक वाहवा म्हणाले. दादा म्हणाला, "चालायचंच." मग मधोमध पोचल्यावर टग थरथरली. उजवी मोटर थांबली. डावी पूर्ण वेगात अडकून राहिली आणि टग स्वतःभोवती गोल फिरू लागली. दोरी थांबलेल्या उजव्या पंख्यात गुंतली. मागचा बुटका भाग पाण्याखाली ओढला गेला. झाकणाखालून पांढरा धूर निघाला, आणि मग धूरही निघाला नाही, कारण बोटच नव्हती.

बांबूला हूक लावून ती बाहेर काढली. फ्यूजने गुडघ्यावर बसून झाकण उघडलं. डावा कंट्रोलर फुगून तपकिरी झाला होता. तो आतून शॉर्ट झाल्यामुळे डावी मोटर वेगात अडकली होती, आणि रिसीव्हरची वीज गेल्याने उजवी थांबली होती. बोटीतले दोन्ही फ्यूज शाबूत. त्याने प्लग पाहिले. दोन्हींत लाल वायर होती. त्याची काळी टेप कुठेच नव्हती.

"काय रे फ्यूज, वायरिंग तुझंच ना?" पोस्टमनने विचारलं. "फ्यूज लावला होतास ना? मग उडाला कसा नाही?"

"जन्मात पहिल्यांदा उडायचा विसरला," कंपाउंडर म्हणाला. काहीजण हसले.

खुर्चीतून दादा बोलला. सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण हळू. "धाकटा भाऊ म्हणून दिलं होतं काम. हात राहिला नाही आता त्याचा."

त्याचा स्वतःचा हात मांडीवर उताणा पडला होता. फ्यूज आता भडकणार म्हणून लोक दोन पावलं मागे सरकले. त्याने झाकण लावलं, मातीने भरलेले गुडघे झटकले आणि तो घरी गेला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मी सांगू का? कापून टाकायची होती तुम्ही ती वायर. परत जोडता येईल अशी ठेवलीत ना, तिथेच चुकलं."

दुसऱ्या दिवशी तो दादाकडे गेला. टग टेबलावर वर्तमानपत्रावर वाळत ठेवली होती.

"लाल वायर कुणी घातली?"

"मी. म्हणजे हिने, मी सांगितलं तशी. एका बाजूला होती, एका बाजूला नव्हती. मला काय कळत नाही का? जन्म मोटरींत गेलाय माझा."

"टेप लावलेली होती तिला."

"तेच म्हणतोय. सुटली असती तर टेप कशाला असती? मुद्दाम काढलेली होती. मला वाटलं, चार लोकांत बंद पडावी म्हणून ठेवलीस."

"असं वाटलं तुला."

"तुझ्या जागी मी असतो तर ठेवली असती," दादा म्हणाला. त्यात राग नव्हता. हिशेब होता.

वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती, ती थांबली.

मग फ्यूजने सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो दादाला काही समजावून सांगत होता. दोघांनी एकाच वेळी पुरवठा करायचा नसतो. ज्याचा जोर जरा जास्त, त्याच्यावर सगळा भार येतो आणि तो जळतो. तेवढ्या भाराने फ्यूज उडत नाही, तो मोटरच्या मानाने निवडलेला असतो. म्हणून एकाची लाल काढतात.

"आणि ज्याची काढली त्याची मोटर?"

"तेवढीच चालते. तेवढंच ओझं ओढते. फक्त रिसीव्हरला कळत नाही की हाही आहे म्हणून."

दादाने डाव्या हाताने टग आपल्याकडे वळवली. "कुठली काढायची असते? डावी का उजवी?"

"कुठलीही."

"म्हणजे काही नियम असेल ना? चांगली कुठली, कमी कुठली?"

"दोन्ही सारखेच असतात. एकाच खोक्यातले."

"मग तू डावीच का काढलीस?"

"हाताला आली ती काढली," फ्यूज म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. दादालाही आलं असावं. त्याने भिंतीवरच्या वडलांच्या फोटोकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही हे मात्र दोघांच्याही लक्षात आलं.

"येत्या रविवारी तळ्यावर एवढं सांगशील?" फ्यूजने विचारलं. "वायर तू घातलीस, एवढंच. बाकी काही नको."

"आता या वयात लोकांसमोर..." दादा म्हणाला. "विसरतील रे लोक. तुला काय, तू आपला मागे असतोस." आणि मग, "चालायचंच."

फ्यूजने खिशातून कटर काढला. टगचं झाकण उघडलं. डावा कंट्रोलर जळलेला होताच. उजव्याच्या प्लगमधली लाल वायर त्याने बोटांत धरली, आणि टाचणी शोधली नाही. कंट्रोलरच्या अगदी तोंडाशी, जोडायला टोकही उरणार नाही अशी, कापली.

"अरे, आता रिसीव्हरला वीज कोण देणार?" दादा म्हणाला. नुकतंच शिकलेलं त्याला बरोबर आठवत होतं. "आता कशी चालेल ती?"

"नाही चालणार," फ्यूज म्हणाला, आणि तुकडा टेबलावर ठेवून निघाला.