दीड पाऊल

आप्पा माळकर नाटकाकडे पाठ करून नाटक बसवायचे. मी तालमीला पहिल्यांदा गेले तेव्हा कोल्हापुरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये हा माणूस भिंतीकडे खुर्ची वळवून डोळे मिटून बसलेला. मला वाटलं, झोपलाय. मी वाक्य म्हटलं आणि भिंतीकडूनच आवाज आला, "मास्तरीणबाई, 'पण' म्हणताना पाय मागं का घेतला?" पाय खरंच मागे गेला होता. "बघणारी लई असत्यात. मला ऐकू द्या," असं ते म्हणायचे. मुंबईहून आलेल्या एका नाटकवाल्याने तर ही 'पद्धत' वहीत टिपून घेतली होती.

दिवसा ते उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होते. हॉलच्या फरशीवर खडूने अख्खं घर काढायचे. दार, खिडकी, सोफा, आणि प्रत्येकाच्या उभं राहण्याच्या जागी एक फुली. "फुली म्हंजी फुली. एक सूत हालायचं न्हाय. तू हाललीस की समद्यांचं नाटक हालतंय." एकदा पायाला मुंग्या आल्या म्हणून मी जराशी सरकले, तर आठवडाभर मला त्या फुलीवर उभं राहूनच चहा प्यायला लावला. जयसिंगपूरच्या शाळेत अख्ख्या वर्गाला दरडावणारी मी! राग यायचा. पण पस्तिशीतल्या, दोन मुलांच्या आईला नायिका करणारा दुसरा दिग्दर्शक कोल्हापुरात मला तरी सापडला नसता.

पाच-सहा वर्षं अशी गेली. एकदा तालमीनंतर आम्ही स्टँडवर उभे होतो. समोर बस लागली. आप्पांनी हळूच विचारलं, "ही मुडशिंगीची हाय का गं?"

"आप्पा, नाकासमोर पाटी आहे की," मी हसून म्हणाले.

ते हसले नाहीत. "काचबिंदू हाय. नळीतनं बघितल्यागत मधलं तेवढं दिसतंय. कुणाला बोलू नगंस. नाटक काढून घेतील माझ्याकडनं."

मी बोलले नाही, पण त्या दिवसापासून तालमीला जाताना डोक्यात तेच असायचं. कुणी खुर्ची वाटेत ठेवली तर? पायरी चुकली तर? मी सगळ्यांच्या आधी पोहोचायचे आणि हॉलमधल्या वस्तू जागच्या जागी लावून ठेवायचे. संघातलं कुणी आप्पांपुढे कागद धरला की आधी मीच तो ओढून मोठ्याने वाचायचे. सगळे मला आगाऊ म्हणायचे. यात आप्पांची काळजी किती आणि माझ्या भूमिकेची किती, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

दोन वर्षं निभावलं. मग एक नाट्यस्पर्धा आली. थिएटरचा रंगमंच आमच्या हॉलपेक्षा बराच मोठा. आप्पांनी सकाळी स्वतः पावलं मोजून फुल्या काढल्या आणि प्रकाशयोजना करणाऱ्याला नुसता हात करून सांगितलं, "शेवटचा दिवा तिथं." रंगीत तालमीला वेळच मिळाला नाही.

शेवटच्या प्रवेशात तो एकच दिवा होता. घर सोडून निघालेली बाई नवऱ्याशी शेवटचं बोलते, तो प्रवेश. मी फुलीवर जाऊन उभी राहिले आणि चेहऱ्यावर दिव्याची ऊब आली नाही. उजेडाचा गोल डावीकडे, दीड पावलावर, रिकामा पडला होता. सरकणं काही अवघड नव्हतं. पण विंगेत आप्पा कान देऊन बसले होते. आवाज दीड पाऊल हलला असता, तर आपली फुली चुकली हे त्यांना तिथेच कळलं असतं. मी पाय रोवून उभी राहिले आणि सगळा प्रवेश अंधारात बोलले.

पडदा पडल्यावर त्यांनी माझा हात धरला. "आवाज झकास लागला. उजेडात हुतीस न्हवं?"

"हो, आप्पा."

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक सगळ्या संघांशी बोलायला बसले. आमची पाळी आली तेव्हा त्यांतले एक म्हणाले, "बाईंचा आवाज उत्तम. पण शेवटी जागा चुकल्या. इतक्या अनुभवी नटीला उजेड सापडू नये?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात आप्पा उठले.

"बाईची जागा बराबर हुती सायेब. फुली मी चुकीची काढली. मला दिसत न्हाय. दोन वर्सं झाली."

आमच्यातलं कुणीतरी कुजबुजलं, "आप्पा, बसा की." ते बसले नाहीत. "आता काय लिवायचं ते लिवा," म्हणाले आणि उभेच राहिले.

बाहेर पायऱ्या उतरताना मी रडत होते. "कशाला सांगितलंत? कुणाला कळलं नसतं."

"लोकं तुझं तोंड बघाय आलती," ते कडाडले. "आन् माझ्यापायी तू अंधारात हुबारलीस? त्यांनी काय पाप केलतं गं?"

त्यानंतर त्यांनी नाटक बसवलं नाही. संघातले लोक दोनदा मुडशिंगीला त्यांच्या घरी जाऊन विनवून आले, पण व्यर्थ. मी मात्र रविवारी जात राहिले. पुढे ते गेले, त्याच्या थोडं आधी एकदा धीर करून विचारलं, "आप्पा, मी अंधारात होते हे परीक्षक बोलले तेव्हा कळलं का हो तुम्हाला?"

"न्हाय. तू 'हो, आप्पा' म्हणालीस, तवाच. यवढं वाईट वाक्य तू कदी टाकलं नव्हतंस. मग सकाळपातूर वाट बघितली. म्हटलं, येशील आन् खरं सांगशील."