शाळेच्या आवारातली इर्जिक

सकाळच्या तासाला सरळ जाणारी रेघ दुपारच्या सुट्टीनंतर थरथरू लागली, तर दोष पेन्सिलीचा नसतो. हे समजायला मला दोन वर्षे लागली. तोवर त्या थरथरीबद्दल मी मुलांच्या हातावर छड्या दिल्या होत्या. ते लपवण्यात अर्थ नाही.

साठच्या दशकात लोणावळ्याच्या एका शाळेत मी चित्रकला आणि सुतारकाम शिकवीत असे. तुंगार्लीच्या तळ्यामागच्या डोंगरात ठाकरांची एक वाडी होती. तिथून सात मुले दीड तास चालून शाळेत येत. दुपारी इतरांचे डबे उघडले, की ही सात मुले नळावर जाऊन पाणी पीत आणि घंटा होईपर्यंत सुतारशाळेच्या मागच्या भिंतीला टेकून बसत. सर्वांत मोठी आठवीतली मुलगी होती. ती उठली की बाकीचे उठत.

एका दुपारी त्यांच्यातला सर्वांत लहान मुलगा हातातल्या कानशीसह सुतारशाळेच्या फरशीवर कोसळला. तो शुद्धीवर आल्यावर मी त्याला विचारले, सकाळी काय खाल्ले. उत्तर मोठीने दिले, तेही माझ्याकडे न पाहता.

"आबाला सांगू नका गुर्जी. पुन्यांदा कोन पडलं तर साळा बंद, समद्यांनी गुरं राखायची, आसं म्हनलाय."

आबा म्हणजे तिचा आजा, वाडीचा कारभारी. त्याचा शब्द वाडीत कोणी मोडत नसे. म्हणजे एक मूल आणखी पडले, की सातही मुलांची शाळा सुटणार होती.

मी स्वभावाने हळवा नाही. मी ड्रॉइंग बोर्ड घेतला आणि शाळेच्या आवारात मुलांना दुपारी जेवू घालणाऱ्या टपरीचा आराखडा काढायला बसलो.

आराखड्यावर उन्हाळ्याची सुट्टी गेली. रेल्वेच्या मालधक्क्यावर टाकून दिलेल्या खोक्यांच्या फळ्या मिळाल्या. त्यांना डांबर फासले. आमच्याकडे पाऊस घाटाकडून तिरपा येतो, म्हणून टपरीची पाठ पश्चिमेला ठेवली आणि पत्रा त्या बाजूला गुडघ्यापर्यंत खाली उतरवला. सरपण विकत घ्यावे लागू नये, यासाठी तुसाची शेगडी केली. भातगिरणीबाहेर तुसाचे ढीग पडलेले असत. ते कोणालाही नको होते. पत्र्याच्या डब्यात मधोमध लाकडी दांडा उभा धरून भोवती तूस ठासायचे आणि दांडा अलगद उपसायचा. त्या पोकळीतून जाळ वर येतो आणि एका डब्यावर दुपारचे सगळे शिजते. राख वाफ्यात टाकायची. भांड्यांचे पाणी चरीतून अळूला आणि दुधी भोपळ्याला जायचे. जेवायला पळसाच्या पत्रावळी, त्यांचेही खत. वाया जाणारी एकही वस्तू त्या आराखड्यात नव्हती, याचा मला अभिमान होता.

स्वयंपाकाला कुसगावची एक मावशी तयार झाली. तिच्या हातचे गावची लग्ने जेवली होती. पहिल्या महिन्याची नाचणी आणि वाल मी आणले. जून संपता संपता टपरी उभी राहिली. हेडमास्तरांनी दिवाळीपर्यंतची परवानगी दिली. उपयोग दिसला नाही तर मोडायची, असे बजावले.

पुढची चूक माझी. खिडकी मैदानाच्या बाजूला होती, सर्वांना दिसेल अशी. खिडकीशेजारच्या फळ्यावर मी माझ्या वळणदार अक्षरात गरजू विद्यार्थ्यांची यादी लिहिली. अक्षर उत्तम आले होते.

त्या दुपारी कोणी आले नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. गावातली मुले फळा वाचून एकमेकांना कोपर मारीत होती. सातही मुले नळावर गेली, पाणी प्याली आणि भिंतीशी बसली. मावशीने आंबिलीवर झाकण घातले आणि मला ऐकवले, "गुर्जी, टपरी झ्याक केलीत. मान्सं बी फळीचीच करून आनली आस्ती, तर जेवली आस्ती."

तिसऱ्या दिवशी सातही मुले शाळेतच आली नाहीत.

फळा पुसून मी रविवारी वाडीवर गेलो. भातलावणीचे दिवस होते. घरांत चिटपाखरू नव्हते. सगळी वाडी खालच्या एका खाचरात वाकलेली होती. त्या दिवशी त्या खाचराच्या मालकाची इर्जिक होती. आमच्या मावळात एकाचे शेत एकट्याच्याने उरकत नाही, तेव्हा सगळे जण त्याच्या शेतात उतरतात, जेवण शेतमालकाचे. उद्या दुसऱ्याचे शेत, परवा तिसऱ्याचे. त्या जेवणाला कोणी दान म्हणत नाही.

आबा बांधावर उभा होता. मुलांना शाळेत का पाठवले नाही, असे मी विचारले. त्याने आधी मला वहाणा काढायला सांगितले. मग रोपांची जुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, लावणी थांबायची नाही, बोलायचे ते वाकून बोला.

मी वाकलो. माझी ओळ वाकडी जात होती. पलीकडच्या ओळीतून मोठीने ती दोनदा उपटून सरळ केली आणि वर पाहिले नाही. चित्रकलेच्या शिक्षकाला तेवढे पुरेसे होते.

दुपारी बांधावर पंगत बसली. माझ्या पानावर भाकरी आणि कुर्डूची भाजी पडली. मी भुकेला होतो, निमूट खाल्ले. शेजारी बसलेल्या आबाने माझे पान संपेपर्यंत वाट पाहिली.

"गुर्जी, आज तुमी जेवला. लाज वाटली का?"

मी नाही म्हणालो.

"का न्हाई वाटली?"

मी हाताला लागलेल्या चिखलाकडे पाहिले. उठताना एवढेच सांगितले, की उद्या शाळेत इर्जिक आहे, टपरीची. सात जणांचे हात लागतील. आबाने तंबाखू मळली. मग म्हणाला, "इर्जिक हाय तर येतील."

सोमवारी सातही मुले आली. आम्ही खिडकीची फळी काढली, मग तिन्ही बाजूंच्या फळ्या. पश्चिमेची पाठ आणि छप्पर तेवढे ठेवले. निघालेल्या फळ्या पंगतीसाठी जमिनीवर अंथरल्या. ज्या आराखड्याचा मला अभिमान होता, त्याचा निम्मा भाग त्या दिवशी पायाखाली गेला.

नियम एकच केला. जो टपरीचे काम करील तो पंगतीला बसेल, मग तो वाडीचा असो, बंगल्यातला असो की मास्तर असो. तूस आणणे, डबा ठासणे, पत्रावळी लावणे, वाफे खुरपणे, पाणी भरणे. शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास काम आणि दुपारी जेवण. आठवडाभरात गावातली मुलेही घरचे डबे बाजूला ठेवून तूस वाहू लागली. काही मुले खरोखर भुकेली होती. हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते, कारण त्यांचे डबे झाकलेले आणि रिकामे असत. हेडमास्तरांनी पाण्याच्या दोन कळशा भरल्या आणि पहिल्या पंगतीला बसले. दिवाळीनंतर टपरी मोडण्याची भाषा कोणी केली नाही. सुगी झाल्यावर वाडीतल्या घराघरातून मूठमूठ नाचणी येऊ लागली.

वर्षभरात त्या सातांपैकी कोणी पडले नाही. दुपारच्या रेघा सरळ झाल्या. लहान मुलाची तेवढी वाकडीच राहिली. त्याला चित्रकला येतच नव्हती.

पुढच्या वर्षीचा एक दिवस लक्षात आहे. सहामाहीचे पेपर तपासण्यात माझी सकाळ गेली. दुपारी सवयीने पंगतीला येऊन बसलो. वाढायला मोठी होती. तिने सगळ्यांच्या पानांवर भाकरी वाढली आणि माझे पान सोडून पुढे गेली. मावशीने पदर तोंडाला लावला.

मी मोठीकडे पाहिले. तिने मान खाली घातली, पण भाकरी वाढली नाही.

"गुर्जी, उद्याचा डबा ठासायचा ऱ्हायलाय," ती म्हणाली.

मी उठलो. बाह्या सारल्या, दांडा उभा धरला, तूस भरून नीट ठासले आणि दांडा उपसला. पोकळी स्वच्छ आली. हात धुऊन जागेवर येऊन बसलो. पानावर दोन भाकऱ्या होत्या. आंबील अजून गरम होती.