सुमनआत्याचं निळं स्टूल

सुमनआत्या गेली तेव्हा मलकपेठच्या तिच्या खोलीत प्रार्थनेचा इतका गलबला होता, की तिचा श्वास थांबल्याचं आधी कुणाला कळलंच नाही. मला कळलं, कारण माझ्या मनगटावरची तिची पकड सुटली. याला आता दीड महिना झाला.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही उदगीरकडून इथं हैदराबादला आलेले मराठी ख्रिस्ती. घरात पदवी घेतलेली पहिली मीच, आणि हे मी कुठेही ताठ मानेने सांगते. परीक्षेआधी आत्याकडे गेले, तर तिने विचारलं, देवाकडे काय मागू? मी म्हटलं, फर्स्ट क्लास. "तो तू अभ्यासाने आण," ती म्हणाली. "मी तुझा हात थरथरू नये एवढं मागते."

हीच तिची रीत होती. एका शाळेत ती स्वयंपाक करायची. काम आटोपलं की दुपारी बसने सरकारी दवाखान्यात जायची, ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्यांच्याकडे. सोबत गौलीगुड्याच्या बाजारात घेतलेलं निळं प्लास्टिकचं स्टूल. निजलेल्या माणसाच्या उशाशी उभं राहून प्रार्थना केली की तो बिचारा आपल्याला डॉक्टर समजतो, असं तिचं म्हणणं. बसमध्ये जागा नसली की त्याच स्टुलावर बसायची. "सोफा भी ले आना था ना, अम्मा," असं कंडक्टर चिडवायचा. खाटेशी टेकली की आधी हैदराबादी बोलीत विचारायची, "क्या होना?" म्हणजे काय हवंय. समोरचा सांगेल तेवढंच मागायची, हळू आवाजात. एका माणसाला फक्त लघवी न दुखता व्हायला हवी होती. तिने येशूकडे मान खाली घालून तेच मागितलं, अगदी मनापासून. चर्चच्या मंडळीतल्या काहींना हे पटत नसे. देवाकडे इतकं थोडं मागायचं? आत्या म्हणायची, दुसऱ्याच्या तोंडचं मागणं मी कशाला बदलू...

मग तिच्याच पोटात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मंडळीतली माणसं रोज येऊ लागली. ती वाईट नव्हती. डबे आणायची, चादरी धुवायची. पण खाटेभोवती उभी राहून, हात उंचावून एकच मागायची, उठव तिला, प्रभू. आत्या डोळे मिटून पडलेली असे. माणसं परतली की भिंतीकडे तोंड करी. तिला काय हवंय ते कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटच्या सकाळी मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "आत्या, क्या होना?" तिने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "भीती वाटते गं... ती तेवढी जाऊ दे." मी तोवर कुणासमोर मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. केली. आमेन तिने म्हटलं. दुपारी मंडळी आली तेव्हा मी विनवलं, आज नुसतं शांत बसा. "ताई, आत्ताच गप्प बसायचं?" असं म्हणून चर्चच्या पाळकांनी आवाज चढवला. त्या आवाजात तिने माझं मनगट धरलं, घट्ट.

भीती गेली का? मला माहीत नाही. दफनाच्या वेळी सगळे म्हणाले, निर्भयपणे गेली. मी सांगितलं, नाही, तिला भीती वाटत होती, आणि तरी ती देवाशी बोलत होती. तेव्हापासून काहीजण माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

स्टूल मी कुकटपल्लीला माझ्या घरी आणलं. मागच्या आठवड्यात ते घेऊन आत्या जायची त्याच दवाखान्यात गेले. कोपऱ्यातल्या एका म्हातारीजवळ बसले, विचारलं. तिने मला नीट निरखून पाहिलं. "कुछ नक्को," म्हणाली. "बैठो." स्टुलाचा एक पाय झिजलाय, डुगडुगतं, पाय जमिनीला रोवूनच बसावं लागतं. तशी बसून राहिले.