विंगकाकांनी वकिलाला पैसे कसे पाठवले

नाटक मंडळीत त्यांना सगळे विंगकाका म्हणत, कारण उभं आयुष्य त्यांनी विंगेतच काढलं. हातात संहिता, नजर नटाच्या ओठांवर. नट अडखळला की पुढचा शब्द काका असा अलगद सोडत, की नटाला वाटे तो आपल्यालाच आठवला. टाळ्या नटाला पडत. काकांना त्याचं काही वाटत नसे. टाळ्यांच्या वेळात त्यांचं पुढचं पान उलटून होई.

माणूस बोलता बोलता दोन कारणांनी थांबतो, असं ते सांगत. एक अभिनय म्हणून आणि दुसरं विसरला म्हणून. रंगमंचावर त्यांना हा फरक अचूक कळे. बाहेर मात्र मुळीच कळत नसे. तिथे कोणीही थांबलं की ते त्याला विसरलेलाच समजत. शेजारी "कालपासून जरा..." म्हणाला की काका "पाठ" म्हणत, आणि तो बिचारा भिडेखातर पाठीबद्दल बोलू लागे. एकदा डॉक्टर रिपोर्ट चाळत म्हणाले, "तुम्हाला आहे..."

"मधुमेह," काका म्हणाले.

मधुमेह नव्हता. पण डॉक्टरांनी पुन्हा एकदा तपासून घेतलं.

निवृत्तीनंतर काका थोरल्या बहिणीबरोबर राहत. ताई शाळेत गणित शिकवत असत. आता गुडघे गेले होते, कान निम्मे गेले होते, जीभ शाबूत होती. गुडघ्यांपायीच वरच्या मजल्यावरचं घर विकून दोघं तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेत होती. विकलेल्या घराचे पैसे काकांच्या खात्यात पडून होते. ते वकिलाच्या खात्यात जायचे, आणि कागदपत्रं पुरी झाली की वकील ते नव्या घराच्या मालकाला देणार, असं ठरलं होतं. दोघांजवळ याखेरीज फुटकी कवडी नव्हती. पैसे वाटेत कुठे गेले, तर जुनं घर विकलेलं आणि नवं न घेतलेलं, अशी दोघं रस्त्यावर.

वकील तरुण, पण शहाणा माणूस. पहिल्याच भेटीत आपलं कार्ड देऊन तो म्हणाला होता, "आमचा खाते क्रमांक बदलला असा मेल आला, तर विश्वास ठेवू नका. त्या मेलमधल्या नंबरवर फोनही करू नका. या कार्डावरच्या नंबरवर करा आणि आम्हाला विचारा."

आणि तसा मेल आला. जुन्या खात्याची तपासणी चालू आहे, रक्कम कृपया नव्या खात्यात भरावी, खाली नवा क्रमांक.

काकांनी वकिलाचा शब्द पाळला. कार्ड शोधलं, चष्मा लावला, कार्डावरच्या नंबरवर फोन केला. कचेरीतल्या बाईंनी उचलला.

"तुमचा खाते क्रमांक तेवढा सांगता का?" काकांनी विचारलं.

"थांबा हं, बघते." तिकडे कागद सळसळले. दुसरा फोन वाजू लागला. "क्रमांक आहे..."

पुढे काही येईना. काकांनी मेलमधला क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वच्छ उच्चारात, योग्य जागी श्वास घेत म्हणून दाखवला.

"हं, हं, तोच असणार," म्हणत बाईंनी दुसरा फोन घेतला.

"झालं," काका चपला शोधत म्हणाले. "खात्री करून घेतली. बँकेत जाऊन येतो."

"क्रमांक कोणी सांगितला?" ताईंनी खुर्चीतून विचारलं.

"बाईंनी."

"बाईंचा आवाज इतका घोगरा कधीपासून झाला?"

"अगं, त्या अडल्या होत्या. मी नुसती सुरुवात करून दिली."

"शेवटही तूच केलास. जिची परीक्षा तिलाच उत्तर सांगायचं आणि वर विचारायचं, बरोबर का? माझ्या वर्गात बाकावर उभा केला असता तुला."

"मग अडल्या तर मी करायचं काय?"

"अडू दे की."

काकांना हे पटेना. अडलेल्याला तसाच ताटकळत ठेवणं त्यांच्या धंद्यात पाप होतं. "तूच लाव मग फोन," ते म्हणाले.

"मला फोनवर निम्मं ऐकू येतं. निम्म्या आकड्यांवर घर मिळत नाही." ताई उठल्या, धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. "नाव सांग, क्रमांक विचार आणि घोट घे. गिळायचा नाही. आणि स्पीकर लाव."

बाई म्हणाल्या, "आत्ताच तर झालं ना काका?"

"तुमच्या कागदावरून वाचून दाखवा," काका म्हणाले आणि घोट घेतला.

"बरं. क्रमांक आहे..."

काकांचे गाल फुगले. भुवया वर गेल्या. बोटं हवेत आकडे काढू लागली. ताईंनी बोटंही धरून ठेवली.

"हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतोय," ताई मोठ्याने म्हणाल्या. "त्याच्या तोंडात पाणी आहे."

यावर बाईंनी काही विचारलं नाही. वकिलाच्या कचेरीत अशा गोष्टींची सवय होत असावी. मग कागद सापडला आणि त्यांनी सावकाश वाचायला सुरुवात केली. ताईंनी बोटं सोडली आणि काका लिहीत गेले. मेलमधल्या क्रमांकाशी पहिले दोन आकडे जुळले, पुढचा एकही जुळला नाही. काकांनी पाणी गिळलं आणि मेलचं सांगितलं.

वकील स्वतः फोनवर आला. मेल त्यांचा नव्हता. कोणीतरी त्यांच्या पत्रव्यवहारात डोकावत होतं. "बाईंनी वाचला तोच खरा क्रमांक. आधी थोडीच रक्कम पाठवा," तो म्हणाला. "पोचली की आम्ही कळवू. उरलेली त्यानंतर."

बाई पुन्हा फोनवर आल्या. त्यांचा आवाज ओशाळा झाला होता. "माझं चुकलं हो काका. मी नुसतंच हं म्हटलं."

"छे, छे," काका म्हणाले. "भलेभले नट माझ्या शब्दाला हं म्हणून गेलेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेली. पहिली रक्कम ताईंनी ठरवली. मुद्दाम वेडीवाकडी, रुपयांपुढे सुटे पैसेसुद्धा जोडलेली, कोणाला अंदाजाने सांगता येऊ नये अशी. ती पाठवून दोघं बाकावर बसून राहिली. जेवणाच्या सुट्टीनंतर फोन वाजला.

"आले हो पैसे," बाई म्हणाल्या.

"किती आले?"

"किती पाठवले होते तुम्ही?"

"तुम्ही सांगा."

बाई शोधू लागल्या. काकांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. खिडकीवरच्या बँकेच्या माणसाने दोनदा वर पाहिलं. बराच वेळ गेला. मग बाईंनी रक्कम सांगितली, शेवटच्या पैशापर्यंत.

"बरोबर," काका म्हणाले, आणि उरलेल्या रकमेच्या फॉर्मवर त्यांनी सही केली.